दाराजवळचं दूध

४ जून

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. खोलीतली मुलगी बदललीय. ही नवी रात्रंदिवस माश्यांवर बोलते, कारण तिचा विषय मधमाश्या आहे. माझा विषय तुला पाठ असायला हवा, पण तू मुद्दाम विसरतेस म्हणून पुन्हा लिहिते: शाश्वत फळबाग आणि पीक उत्पादन. "म्हणजे भाजीपालाच ना?" असं पुन्हा म्हणालीस तर मी घरी येणार नाही.

फोनऐवजी पत्रंच बरी. फोन दादाच्या खिशात असतो, तोच उचलतो आणि "सगळं ठीक, तुझा अभ्यास कसा?" एवढं बोलून ठेवून देतो. सख्ख्या भावाच्या घरी काय चाललंय हे मला त्याच्या बायकोकडूनच कळतं, हे आपलं लहानपणापासूनचं नशीब. आई-बाबा गेल्यावर त्याने मला वाढवलं ते असंच, न बोलता.

आता मुद्द्याचं. सुट्टीत मी तबेल्यातली लीद आणून रचलेल्या कंपोस्टच्या ढिगाचं काय झालं? आतून गरम होत होता का? वास गेला का? दादा नाक मुरडत असेल, मुरडू दे. विकतची तयार माती आणि पोत्यातली खतं यांच्यावर रोपवाटिका किती वर्षं चालवणार? मातीच्या मॅडम (नाव सांगत नाही, सगळे त्यांना असंच म्हणतात) म्हणाल्या, घरचं कंपोस्ट करणारी वर्गात मी एकटीच आहे. माझी कॉलर ताठ झालीय. मला त्याचा एक डबा भरून पाठव. आमचं एक प्रात्यक्षिक आहे, त्यात सगळ्यांना दाखवते.

तुझी,
टोळ


१७ जून

चि. टोळबाईस अनेक आशीर्वाद.

रोपांचे शेंडे खात सुटायचीस म्हणून दादाने ठेवलेलं हे नाव तू पत्राखाली स्वतःच लिहितेस म्हणजे तुला लाज उरलेली नाही.

कंपोस्ट झालं. काळंभोर, भुसभुशीत, आणि वास म्हणशील तर ओल्या मातीचा. दादाने मूठभर हातात घेतलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाला, "पोरगी शिकतेय हं." तुला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगतेय. या हंगामाचे टोमॅटोचे आणि मिरचीचे सगळे ट्रे त्याने त्याच मातीत भरले. मी म्हटलं, अर्धे आपल्या नेहमीच्या मातीत भरू. तर म्हणे, "अर्धवट विश्वास कसला ठेवायचा." कोबीचे ट्रेही त्यातच.

डबा वेगळा पाठवते आहे. बिस्किटांचा आहे, उघडून निराश होऊ नकोस.

दादाची तंबाखू काही सुटत नाही. चिमूट काढायची, कागदात वळायची, ओढायची आणि तेच हात घेऊन रोपं विरळायची. लग्न झाल्यापासून सांगतेय. माझ्या तोंडाला फेस आला, त्याच्या बोटांचा पिवळेपणा गेला नाही. खोकला आहे थोडा. त्यावरही सांगून झालं.

तुझी वहिनी


९ जुलै

टोळबाई,

घाईत लिहितेय. टोमॅटोच्या रोपांचं काहीतरी बिघडलंय. उगवली छान, पहिली दोन पानं छान. मग शेंड्याची नवी पानं अरुंद येऊ लागली, वळलेली, मुठी आवळल्यासारखी. देठ पिळवटलेले. मिरचीचंही तसंच. कोबी मात्र ठणठणीत आहे, त्याला कशाचं काही नाही.

दादा दिवसभर पॉलिहाऊसमध्ये उकिडवा बसून एकेक पान उलटून बघतो. किडा नाही, अंडी नाहीत, बुरशी नाही. पाणी कमी केलं, जास्त केलं. दोन गिऱ्हाइकं येऊन बघून गेली, काही बोलली नाहीत. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पानं वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत पाठवते. तुझ्या मॅडमना दाखव.

वहिनी


१५ जुलै

प्रिय वहिनी,

तुझी पानं पोचली तेव्हा त्यांची काळी चटणी झाली होती. मॅडमना काय दाखवणार? पण तू इतकं नेमकं लिहिलंयस की दाखवायची गरजच नाही. कालच आमचा विषाणूंचा तास झाला. अरुंद, पिळवटलेली नवी पानं, टोमॅटो आणि मिरची दोन्हीवर, किडा नाही, बुरशी नाही. हा तंबाखूचा विषाणू आहे. तंबाखूच्या सुकलेल्या पानातही तो जिवंत राहतो, ओढणाऱ्याच्या बोटांवर बसतो आणि तिथून रोपांवर. सर हे सांगत होते आणि मला डोळ्यांसमोर दादाची पिवळी बोटं दिसत होती. मी वर्गात हसले, सरांनी कारण विचारलं.

याला औषध नाही. टोमॅटोच्या आणि मिरचीच्या सगळ्या ट्रेंमधली रोपं उपटा आणि जाळा. नव्याने पेरा. आणि दादाला आत सोडू नकोस. काम तू आणि मदतीची बाई करा. दारापाशी दुधाचं भांडं ठेवा, आत जाताना प्रत्येकाने त्यात हात बुडवायचे. हसू नकोस, दुधाने तो विषाणू खरंच निकामी होतो.

दादाला सांग, इतकी वर्षं वहिनीचं ऐकलं असतंस तर टोळाला हे लिहावं लागलं नसतं. रागावेल, पण ऐकेल. मी सांगितलेलं तो ऐकतो.

तुझी,
टोळ


२६ जुलै

टोळबाई,

तू लिहिलंस तसं केलं. तुझं पत्र मी त्याला पूर्ण वाचून दाखवलं, हसण्यासकट. तो रागावला नाही. बोटं उजेडात धरून बघत बसला. मग आत जाऊन खिशातली तंबाखूची पुडी चुलीत टाकली. मी इतकी वर्षं सांगून जे झालं नाही ते रोपांसाठी एका दुपारी झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

रोपं जाळली. तो जवळ आला नाही, लांब उभा राहून धूर बघत होता. नवी पेरणी मी आणि बाईने केली. माती तीच, आहे ती भरपूर आहे. दाराशी दूध ठेवलंय. तो आता प्लास्टिकच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि बाहेरून सांगतो, "तिसऱ्या रांगेला पाणी जास्त झालंय." प्लास्टिकमधून त्याला कसं दिसतं कोण जाणे.

त्याला एक ओळ लिहायचीय म्हणतो. जन्मात पहिल्यांदा. घे.

टोळा, दूध साय काढलेलं चालेल की साईसकट लागतं? मी आत जात नाही, पण जेवणाआधी धुतो. दादा.


३० ऑगस्ट

चि. टोळबाईस,

उशीर झाला लिहायला. दुसरी पेरणीही तशीच गेली. आधीसारखीच, शेंडे आवळलेले. कोबी पुन्हा छान. नळाजवळ जमिनीत आपोआप उगवलेलं टोमॅटोचं एक रोप आहे, तेवढं सरळ. बाकी सगळं वाकडं.

दादा म्हणतो, त्याने एकदा दाराच्या कडीला हात लावला होता. मग म्हणतो, तो बाहेरून बोलतो तेव्हा श्वास जाळीतून आत जातो. मी म्हटलं, वेडा आहेस का. तर म्हणे, "टोळाने सांगितलंय, माझ्या हातात आहे ते." आता तो घरातही कुंड्यांना हात लावत नाही. ताट मी वाढते, पाणी मी देते. हात मांडीखाली घालून बसतो. हाच माणूस रोपांना माणसांसारखी नावं द्यायचा, तुला आठवतं ना.

तुझ्याकडे एक मागते. त्याला एक पत्र लिही. लिही की तुझी चूक झाली, हा तो विषाणू नव्हता, त्याच्या हातांचा काही संबंध नाही. काहीही कारण दे, तुला शास्त्रातलं येतं. खोटं असलं तरी चालेल. खोकला थोडा वाढलाय आणि मन खचल्यावर शरीर काय करणार. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकतो.

वहिनी


५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण हे मी करणार नाही. रागावू नकोस. आज मी लिहिलं की हातांचा संबंध नाही, तर उद्या तो आत जाईल, परवा तिसरी पेरणी जाईल, मग तो मला काय म्हणेल? आम्हाला इथे पहिल्या दिवशी शिकवतात, निरीक्षण दडवायचं नाही, मग ते कुणाला आवडो न आवडो. आणि मला खोटं लिहिता येत नाही. शाळेत असताना मी खोटी सही केली तेव्हा दादाने नुसतं अक्षर बघून ओळखलं होतं.

विषाणू जुन्या ट्रेमध्ये, सुतळीत, चाकूवर राहतो. सगळं उकळून घ्या. त्याने तंबाखू सोडलीय, आता पुढच्या वर्षी नक्की जाईल. त्याला सांग, एक वर्ष धीर धर. खोकल्याला डॉक्टर दाखवा. मला परीक्षा झाल्यावर येता येईल.

तुझी,
टोळ


२४ सप्टेंबर

प्रिय वहिनी, आणि दादा,

हे पत्र दादाला वाचून दाखव. दोनदा फोन केला, बंद लागतो. चार्ज करायचा विसरला असेल.

दादा, तुझे हात नाहीत. तुझे हात कधीच नव्हते.

कंपोस्टचं प्रात्यक्षिक पुढे पुढे ढकललं गेलं होतं. वहिनीने पाठवलेला बिस्किटांचा डबा इतके दिवस माझ्या खाटेखाली पडून होता. शेवटी या महिन्यात झालं. प्रत्येकाने आपलं कंपोस्ट एका कुंडीत भरायचं, दुसऱ्या कुंडीत साधी माती, दोन्हीत घेवडा पेरायचा. सगळ्यांचा घेवडा सरळ आला. माझा शेंड्याला आवळला. मुठी आवळल्यासारखा, वहिनी, अगदी तुझ्या शब्दांत. मॅडम कुंडीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तणनाशक आहे. लीद कुठली?"

तबेल्यात घोड्यांना जे सुकं गवत घालतात, त्या कुरणावर रुंद पानांचं तण मारायचं औषध फवारलेलं असणार. गवताला त्याचं काही होत नाही, घोड्याला काही होत नाही, ते लिदीतून तसंच बाहेर येतं आणि ढीग कितीही तापला तरी टिकतं. टोमॅटो, मिरची, घेवडा यांना ते जरासुद्धा सोसत नाही. कोबीला फारसं काही होत नाही. कोबी! वहिनी तू दोनदा लिहिलं होतंस. नळाजवळचं रोप साध्या मातीतलं, म्हणून सरळ. सगळं तुझ्या पत्रांत होतं आणि मी कालच्या तासात शिकलेलं नाव त्यावर चिकटवून मोकळी झाले. न सडलेलं एक पानही मागवलं नाही.

लीद मी आणली. ढीग मी रचला. तुम्ही दोन्ही पेरण्या त्याच मातीत केल्या कारण माझ्यावर विश्वास ठेवलात. दादा, माझ्यामुळे झालं हे. आत जा. रोपांना हात लाव. उरलेलं कंपोस्ट कुठेही वापरू नका.

तुझी,
टोळ


१ ऑक्टोबर

माझ्या गुणी टोळबाईस,

तू लिहिलंस. नाही नाही म्हणत शेवटी लिहिलंस आणि काय सुंदर लिहिलंस! घेवडा काय, घोडे काय, कुरण काय. मला स्वतःला क्षणभर खरं वाटलं. वर सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस. एवढं मोठं मन तुझ्यात कुठून आलं, मी तर तुला भांडखोर समजत होते. तुझे उपकार मी विसरणार नाही.

आता तुला खरं सांगते. दादा इस्पितळात आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. छातीत आहे, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना फाइलकडे बघतात. तुझी परीक्षा आहे म्हणून त्यानेच कळवू दिलं नाही. फोन इथल्या कपाटात बंद करून ठेवलाय, तू केलास तर आवाजावरून ओळखशील म्हणून.

तुझं पत्र मी त्याला खाटेशेजारी बसून वाचून दाखवलं. मोठ्याने, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हसला आणि म्हणाला, "टोळाला माझी फार दया आलेली दिसते." मी म्हटलं, अरे खरंच लिहिलंय तिने. मी नळाजवळचं ते सरळ रोप डब्यात लावून नेलं होतं. त्याच्यापुढे धरलं, म्हटलं, घे, लाव हात. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "छान आलंय," म्हणाला. पण हात काही पांघरुणाबाहेर काढले नाहीत.

परीक्षा झाली की ये. लवकर ये.

तुझी वहिनी


२२ ऑक्टोबर

वहिनी,

काल इथे परत आले. तुझं पहिल्या तारखेचं पत्र दाराखालून सरकवलेलं सापडलं. दादा गेल्याचा तुझा निरोप मिळाला तशी मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले होते, पत्र माझ्या पाठीमागून आलं असणार. घरी असताना मला हे माहीत नव्हतं. तू सगळ्यांसमोर मला पोटाशी धरून म्हणालीस, "तू त्याच्यासाठी एवढं केलंस," तेव्हा मला वाटलं तू मी खरं कारण शोधल्याबद्दल बोलतेयस, धीर देतेयस. मी मान हलवली.

वहिनी, ते खोटं नव्हतं.

एक अक्षर खोटं नव्हतं. मला खोटं लिहिता येत नाही हे मी तुला आधीच लिहिलं होतं ना? प्रात्यक्षिकाच्या कुंड्या अजून वर्गाच्या खिडकीत आहेत. काल रात्री खोलीतल्या मुलीने मला तिथून उठवून आणलं.

तुझ्याकडे उरलेलं कंपोस्ट असेल. एका कुंडीत ते भर, दुसरीत नळाजवळची माती. दोन्हीत घेवडा पेर. माझं ऐकू नकोस, स्वतः बघ. मी पुन्हा कधी काही सांगणार नाही, पण एवढं कर. मी शिक्षण सोडावं असं वाटतंय, तू काय म्हणशील ते मान्य.

टोळ


१८ नोव्हेंबर

टोळबाई,

पेरला. तुझं पत्र वाचून आधी फाडणार होते. मग पेरला.

नळाजवळच्या मातीतला सरळ आहे, काठीला वेढे घालायला लागलाय. कंपोस्टमधला आवळला आहे. मी रोज सकाळी त्याच्यापुढे उकिडवी बसत होते, दादा बसायचा तशी, आणि मनात म्हणत होते, उघड, एक तरी पान उघड. नाही उघडलं.

तबेल्यावाल्याकडे गेले. तो म्हणाला, हो, गवतवाल्याने यंदा कुरण फवारलं होतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. चांगला माणूस आहे, दादाचं ऐकून त्याने टोपी काढली. त्याला काय बोलणार.

तुझ्यावर मी खूप चिडले. पानं न बघता नाव सांगितलंस, हसत सांगितलंस, ते मी तुला माफ केलंय की नाही मला माहीत नाही. केलं की कळवीन. पण त्याहून मोठी गोष्ट माझी आहे आणि ती मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुला. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं ते खोटं समजून दाखवलं. गोड आवाज काढून, लहान मुलाला औषध पाजताना काढतात तसा. कागदावरून नजर वर केली नाही, कारण वर केली असती तर त्याला कळलं असतं. त्याला तुझं अक्षर वाचावंच लागलं नाही, त्याने माझं तोंड वाचलं. मी विश्वास ठेवला असता तर त्यानेही ठेवला असता. तुझं खरं पत्र मी खोट्यासारखं वाचलं, टोळबाई, आणि तो हात झाकून गेला.

शिक्षण सोडायचं नाही. तो पुडी चुलीत टाकून बसला होता ते तू अर्ध्यावर सोडावंस म्हणून नाही. शीक, आणि कुणाच्याही रोपाला नाव ठेवायच्या आधी तिथे जाऊन बस.

कंपोस्टचा ढीग कुंपणापाशी ओढून झाकून टाकलाय. पॉलिहाऊसच्या दाराशी ते दुधाचं भांडं अजून होतं. मी आणि बाई रोज त्यात हात बुडवून आत जात होतो, तो गेल्यावरसुद्धा, सवयीने. आज ते घासलं आणि घरात आणलं.

त्याचे हात स्वच्छ होते गं.

तुझी वहिनी